अनुस्वाराने घातलेला घोळ

आमच्या संगणकशास्त्र विभागाच्या फलकावर मध्यंतरी एक बातमी लागली होती. एमसीएच्या विद्यार्थिनीचा शोधनिबंध परिषदेत स्वीकारला, एवढीच. दीड ओळ. वर कुणाला नोकरी लागल्याची, खाली कुणी नेट उत्तीर्ण झाल्याची. ती विद्यार्थिनी मी. त्या दीड ओळीमागे दीड वर्ष गेलं आणि त्यातला बराच वेळ एका टिंबाने खाल्ला.

विषय ऐकायला सोपा: देवनागरीतलं छोटं वाक्य मराठी आहे की कोंकणी, हे संगणकाने ओळखायचं. मी गोव्यातल्या डिचोलीची. घरात बोलणं कोंकणी, पण शाळा मराठी, पेपर मराठी, आरत्याही मराठीच. मला वाटलं, हे काम माझ्यासाठीच राखून ठेवलंय. ‘हांव’ आलं की कोंकणी, ‘मी’ आलं की मराठी; ‘उदक’ तिकडे, ‘पाणी’ इकडे. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी फक्त एक वाक्य फळ्यावर लिहिलं: ‘आज बाजार बंद.’ आणि विचारलं, “हे कुठे टाकणार?”

मग पळवाट सुचली. गोवा विद्यापीठात कोंकणी वर्डनेट, म्हणजे अर्थानुसार लावलेला संगणकी शब्दकोश, तयार झालेलं आहे. हिंदी वर्डनेटच्या धर्तीवर शब्दांचे अर्थगट लावत ते उभं राहिलं. मराठीचंही आहेच. वाक्यातले शब्द दोन्हीकडे शोधायचे, जिथे जास्त सापडतील ती भाषा. पण घर, हात, दूध, बाजार दोन्हीकडे. पळवाट तिथेच बंद.

शेवटी वाक्यांना हाताने ‘मराठी’ किंवा ‘कोंकणी’ अशा खुणा करायला बसलो. मी आणि मडगावची माझी मैत्रीण, एकमेकींचं न बघता. नंतर ताडून पाहिलं. शंभरातल्या ऐंशी वाक्यांवर दोघींचं एकमत झालं तर कुणालाही बरं वाटेल. पण खुणा दोनच असतील तर डोळे मिटून लावल्या तरी पन्नासेक जुळतातच. म्हणून जेकब कोहेनने १९६० मध्ये मांडलेला कॅपा काढतात, म्हणजे योगायोग वगळून उरलेल्या एकमताचा आकडा: ऐंशीतून पन्नास वजा, उरलेल्या पन्नासाने भागायचं, हाती ०.६. आमचं भांडण ‘दोन्ही’ अशी तिसरी खूण ठेवल्यावर मिटलं. ती आधीच ठेवायला हवी होती, पण ‘दोन्ही’ म्हणणं गोव्यात आजवर कुणाला सोपं गेलंय?

प्रोग्रॅमची पद्धत जुनीच घेतली. कॅव्हनर आणि ट्रेंकल यांनी १९९४ मध्ये दाखवलेली: मजकुराचे मोजक्या अक्षरांचे तुकडे पाडायचे आणि कुठल्या भाषेत कुठला तुकडा किती वेळा येतो ते मोजायचं. इथे एक गंमत आहे. आपल्याला ‘लें’ हे एक अक्षर दिसतं, संगणकाला ल, मात्रा आणि अनुस्वार अशी तीन चिन्हं दिसतात. निकाल छान येत होते. इतके छान, की मला शंका यायला हवी होती.

एका रविवारी सहज आजोबांच्या कपाटातल्या जुन्या मराठी नाटकाच्या पुस्तकातली चार वाक्यं टाइप केली. ‘असें कसें झालें’ वगैरे. प्रोग्रॅम म्हणाला, कोंकणी. चारही. आजोबा पक्के मराठीवाले, कोंकणीला गोव्याची राजभाषा ठरवणाऱ्या १९८७ च्या कायद्याच्या आधी मराठीसाठी मोर्च्यात गेलेले. त्यांना सांगितलं, तर पेपरातून मान न काढता म्हणाले, “तुजें मशीन पिशें जालां गो.” हे त्यांनी कोंकणीत सांगितलं, याकडे मी लक्ष वेधलं नाही.

मशीन वेडं नव्हतं. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी मराठीतले उच्चार न होणारे अनुस्वार काढले. त्याआधीचं ‘झालें’ आता ‘झाले’ किंवा बोलण्यातलं ‘झालं’. कोंकणीत मात्र ‘जालें’, ‘बरें’, ‘कितें’ यांतला अनुस्वार उच्चारात जिवंत आहे. आमची मराठी वाक्यं सगळी आजची. त्यामुळे मात्रेवर टिंब दिसलं की कोंकणी, एवढंच प्रोग्रॅम शिकला होता. टिंब पुसून पाहिलं, तर कोंकणीचं ‘तें’ मराठीचं ‘ते’ होऊन बसलं. मग जुनी मराठी पुस्तकं शोधून टाइप करत बसणं आलं. माझ्या मानेला ते महिने अजून आठवतात.

तरीही पहिल्या परिषदेने निबंध परत पाठवला. परीक्षकाने दोनच ओळी लिहिल्या होत्या: मराठी वाक्यं बातम्यांतली, कोंकणी पाठ्यपुस्तकांतली, प्रोग्रॅम भाषा ओळखतोय की बातमी आणि धडा यांतला फरक? दोन दिवस मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी कळलं, त्याचं बरोबर आहे. दोन्ही भाषांतून सारख्याच प्रकारचा मजकूर गोळा केला आणि आकडे खाली आले. दुसऱ्यांदा पाठवले ते हे खाली आलेले आकडे.

बाकी भानगडी किरकोळ. निबंध नाव न कळता तपासला जातो, आणि मी आभारात गावाचं नाव ठेवलं होतं. मॅडमनी रात्री अकराला फोन करून काढायला लावलं. निबंध ज्यात मांडतात त्या लेटेक सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत होती, ती त्याच्याच झीलेटेक या प्रकाराने सांधली.

परिषदेत बोलायला पंधरा मिनिटं मिळाली. शेवटी मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं, “गोव्यात कितीतरी लोक कोंकणी रोमीत, म्हणजे रोमन लिपीत लिहितात. त्यांचं काय?” मी देवनागरीपुरतंच केलंय, असं म्हणून खाली बसले. परत येताना पणजीच्या बसस्टँडवर तियात्रांच्या, म्हणजे कोंकणी नाटकांच्या जाहिराती लागलेल्या दिसल्या. सगळ्या रोमीत. बस सुटायला वेळ होता, पाच-सहांचे फोटो काढले. आता दिसेल त्या तियात्राच्या जाहिरातीचा काढते. मैत्रिणीने मडगावहून आणखी पाठवलेत.