अंगठा वर, अंगठा खाली

विन्या काही वावगं बोलला नाही. तरी सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय.

काल आक्काकडचा डबा द्यायला आला होता. खुर्चीमागे जरा वेळ उभा राहिला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "मामा, हे काय खेळायलासा? पीएस टूचा गेम हाय काय?" म्हटलं, नाही, २०१४चा आहे. "मग ह्याच्यापेक्षा विचर घ्यायचासा की, सेलला स्वस्तात येतंय." डबा ओट्यावर ठेवला, चप्पल घातली, गेला. एवढंच.

त्यात लागण्यासारखं काय होतं? पोरगं वीस वर्षांचं, त्याच्या डोळ्यांना जे दिसलं ते बोललं. विचर थ्री हा त्यानं सांगितलेला गेम चांगलाच आहे, मी दोनदा खेळलोय. मी वाद घातला नाही, कारण वाद घालायला माझ्या बाजूनं काही नव्हतंच. आणि तरी डबा उघडताना हात जरा जोरातच पडला झाकणावर.

गेम म्हणजे 'बाउंड बाय फ्लेम'. पॅरिसच्या स्पायडर्स नावाच्या छोट्या स्टुडिओचा, मे २०१४मध्ये आलेला. गोष्ट काळीकुट्ट. सात आइस लॉर्ड मेलेल्यांची फौज घेऊन निघालेत, जग जवळपास हरलंय, आणि एका विधीच्या वेळी भाडोत्री सैनिकांच्या टोळीतल्या एकाच्या अंगात आगीचा राक्षस शिरतो. तो एक म्हणजे आपण. पुढं मोक्याच्या ठिकाणी राक्षस आतून विचारत राहतो, थोडी जागा देतोस का. दिली की आगीची ताकद वाढते, पण माणूसपण कमी होत जातं. शेवटी डोक्यावर शिंगं येतात, आणि शिंगं आली की हेल्मेट घालता येत नाही. ह्या हेल्मेटच्या एका गोष्टीसाठी मी हा गेम पूर्ण किमतीला घेतला असता. पापाचा हिशोब आकड्यांत मांडणारे गेम ढिगानं आहेत, पण पाप केलं तर टोपी बसणार नाही, हे सुचायला डोकं लागतं.

दोष म्हणाल तर विन्यापेक्षा मीच जास्त सांगेन. माझं पोटच दोष काढण्यावर चालतं, कारखान्यात तयार माल तपासायचं काम माझं. सोबती घेऊन लढाईला जावं तर दुसऱ्या घावाला ते आडवे, मग उरलेली सगळी गर्दी आपल्याच अंगावर. मोठ्या शत्रूंना मारता मारता हात दुखतात, तरी त्यांची जिवाची पट्टी कमी व्हायचं नाव नाही. नकाशे लहान, त्याच वाटेनं पुन्हा पुन्हा जा-ये. संवादांत शिव्या अशा पेरल्यात की लिहिणाऱ्याला नुकतीच परवानगी मिळाली असावी. चेहऱ्यांवर राग येत नाही की दुःख. सुरुवातीला नाव टाकायला लावतात. काहीही टाका, पुढं सगळे तुम्हाला व्हल्कनच म्हणतात. (हे मात्र आपल्याला नवीन नाही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सरकारनं गावाचं नाव बेळगावी केलं, आणि आमच्या गल्लीत अजून सगळे बेळगावच म्हणतात.)

म्हणजे दोष मला पाठ आहेत. मग लागलं का?

काल रात्री जेवण झाल्यावर लोक ह्या गेमबद्दल काय म्हणतात ते वाचत बसलो. झोपायला हवं होतं, पहिली पाळी होती. पण एकदा वाचायला लागलं की थांबवत नाही. कुणी म्हणतं, पैसे फुकट गेले. कुणी म्हणतं, अपेक्षा कमी ठेवा आणि सवलतीत घ्या. ही जात सर्वांत मोठी. असल्या युरोपियन, कमी पैशातल्या, खडबडीत पण जीव असलेल्या गेमना लोक युरोजँक म्हणतात, काही जण शिवी म्हणून, काही लाडानं. काही जणांनी चाळीस-चाळीस तास खेळून खाली अंगठा केलाय. स्टीमवर, म्हणजे हे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, मताशेजारी खेळलेले तास दिसतात ना, त्यामुळे लपत नाही. चाळीस तास माणूस काय रागानं खेळतो? मला त्यांचा राग नाही आला, उलट जवळचे वाटले. ज्याला खरंच आवडलं नाही तो दुसऱ्या तासाला उठून जातो.

दुसऱ्या तासावरून आठवलं. स्टीमवर आता दोन तासांच्या आत खेळला असेल आणि घेऊन चौदा दिवस झाले नसतील तर पैसे परत मिळतात. ही सोय जून २०१५मध्ये आली, म्हणजे हा गेम निघाल्यावर वर्षभरानं. आधीच्यांना अशी हक्काची परतीची वाट नव्हती. पैसे दिलेत, आता खेळा. आणि ह्या गेमचे पहिले दोन तास हाच त्याचा सर्वांत वाईट भाग आहे! कौशल्यं नाहीत, हत्यार बोथट, दलदल आणि पुन्हा दलदल. विन्याच्या वयाची पोरं तिथंच परत करून मोकळी होत असतील. २०१४च्या मेमध्ये ज्यांनी घेतला ते अडकले, आणि अडकले म्हणून पुढं मॅथ्रसपर्यंत पोचले. मॅथ्रस म्हणजे कधीचाच मेलेला एक सोबती. अख्ख्या गेममध्ये शहाण्यासारखं बोलणारा तो एकटा.

हे सगळं विन्याला सांगायचं होतं का? नाही. त्यानं ऐकलं नसतं, आणि ऐकलं असतं तर मला आणखी वाईट वाटलं असतं.

मतं वाचून झाल्यावर म्हटलं, आपणही एक लिहू. लिहायला बसलो तर आधीच अडलो. स्टीम पहिल्यांदा विचारतं, शिफारस करता का. अंगठा वर किंवा अंगठा खाली. मधलं काही नाही.

आमच्या कारखान्यात बोर, म्हणजे पीसमधलं गोल भोक, मापात आहे का ते तपासायला प्लग गेज असतं. एक टोक 'गो', दुसरं 'नो-गो'. हिरवं टोक आपल्या वजनानं आत उतरलं पाहिजे, लाल टोक तोंडावरच अडलं पाहिजे. चिप्स, म्हणजे धातूचा कीस, पुसून घ्यायच्या, बोटांनी दाब द्यायचा नाही, गेज सरळ धरायचं. दाब दिला की नो-गोसुद्धा उतरतं कधीकधी, आणि मग पास झाला म्हणून पोरं हसतात. तिथंही दोनच उत्तरं. तोवर स्टीमचं आणि आमचं जमतं. पण उद्यमबागेतल्या, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, साध्या शेडमध्येसुद्धा तिसरा, पिवळा टॅग असतो. होल्ड. रीवर्क होईल का बघा, पार्टीला विचारा, डेव्हिएशनवर, म्हणजे माप थोडं हुकलेलं मान्य करून, पास करता येतो का बघा. निम्मा माल पिवळ्यावरून हिरव्यावर जातो. तो नसता तर निम्मी उद्यमबाग बंद पडली असती.

स्टीमवर पिवळा येतो, पण तो कुणी एकट्यानं दिलेला नसतो. शंभरातल्या चाळीस ते एकोणसत्तर जणांनी अंगठा वर केला की गेमच्या नावाखाली पिवळसर अक्षरात 'मिश्र' येतं. म्हणजे मिश्र असं कुणाचंच मत नसतं. प्रत्येकाला हो किंवा नाही म्हणायला लावायचं, आणि बेरीज झाली की सगळ्यांच्या नावावर मिश्र टाकायचं. हे मला काल रात्री एक वाजता फार अन्यायाचं वाटलं. एक वाजता काहीही वाटतं.

तर लागलं ते हेच का? अंगठ्याचं? नसावं. अंगठ्याचं रात्री सुचलं, लागलं तर संध्याकाळीच होतं.

आज दुपारी पाठवलेल्या मालाचा एक अख्खा लॉट परत आला. सांगण्यात अर्थ नाही. ब्लो होल, म्हणजे ओतकामात हवेनं पडलेली भोकं, होते, मी बघितले होते, मी लिहूनही दिलं होतं, आणि कुणी सही करून पाठवला ते सगळ्यांना ठाऊक आहे. गाडीवाल्यानं शेडसमोर पेट्या उतरवल्या तेव्हा पाऊस होता. देसाईसाहेब म्हणाले, बघू. त्यांचं 'बघू' मी इतक्या वर्षांत ओळखतो. पुण्याचं तेव्हा घेतलं असतं तर, वगैरे. असो. आईनं काल पुन्हा विषय काढला होता, तोही असोच.

पण पेट्या उघडताना एक गोष्ट झाली. परत आलेल्या मालातले चांगले पीसही त्यात होते. लॉट म्हणजे लॉट, एकाच्या पापानं सगळे आत. मी एक हातात घेतला. बोर आरशासारखा आलेला. मशीनवरच्या सुभान्यानं नवीन इन्सर्ट, म्हणजे कापायचं पातं, लावल्यावर पहिले निघालेले पीस असणार ते. ह्या पीसबद्दल कुणी काही बोलणार नाही, कारण बोलायला जागाच नाही. पेटीवर एकच लाल टॅग. आणि तिथं उभा राहून मला, दुसरं काही नाही, गेममधली तलवार आठवली. ह्या गेममध्ये तलवारीची मूठ आणि गार्ड तुम्ही स्वतः बनवून बदलू शकता, चिलखताचे भागही, आणि बदललेलं खरंच दिसतं. चार पैशाच्या स्टुडिओत कुणीतरी बसून प्रत्येक मुठीचं मॉडेल वेगळं केलंय. तोंडं हलवायला पैसे नव्हते, मुठी केल्या. का? सांगता येत नाही. त्या माणसाला मुठी आवडत असतील.

हे आठवलं आणि हसू आलं. सुभान्या म्हणाला, "काय झालं ओ?" काय सांगणार.

तर विन्याचं लागलं ते गेमसाठी नव्हतं आणि माझ्यासाठीही नव्हतं, त्या मुठीवाल्यासाठी होतं, असं आता लिहिताना वाटतंय. खरं असेल की नाही, माहीत नाही. माणूस स्वतःला बरं वाटेल असं कारण शोधतो, आणि लॉट परत आलेल्या दिवशी तर जरा जास्तच शोधतो. विन्या परवा म्हणाला होता की मला जुन्या वस्तूंची उगीच कणव येते. त्याच्या गाडीचं कार्बोरेटर मी साफ करून दिलं तेव्हा हे बोलला नव्हता.

घरी आलो, लाइट नव्हती. आठाच्या पुढे आली. मग गेम लावला. त्यातल्या दुसऱ्या टप्प्यातला बर्फ, एक भालेवाला समोर. ह्या गेममध्ये योद्ध्याच्या पवित्र्यात घाव अडवता येतो, आणि अगदी वेळेवर अडवला तर उलटा वार बसतो. वेळ चुकली की आपण आडवे, अडवून धरायला लागलं की लढाई रटाळ. बहुतेक लोक ह्या रटाळपणाला कंटाळून शिव्या देतात. पण वेळ साधायला लागली की मजा कळते. भाला मागे जातो, थांबतो, आणि पुढं यायच्या आत बोट दाबायचं. डोळ्यांनी बघून दाबलं तर उशीर होतो, खांदा हलला की दाबायचं. टक. पुन्हा टक. मागं ऑलिव्हिए दरिव्हिएरचं संगीत. हाच माणूस पुढं मोठमोठ्या गेमना संगीत देतो, पण इथंही त्यानं हात आखडता घेतलेला नाही. ज्यांनी नावं ठेवलीत त्यांनीही संगीताला बहुतेक सोडलंय.

ह्याच स्टुडिओनं पुढं २०१९मध्ये 'ग्रीडफॉल' केला आणि लोक बरं बोलायला लागले. तिथंही सोबत्यांचं गणित बरंचसं इथलंच, निवडीचं भूतही इथलंच, फक्त कपडे बरे. मी ते विन्याला मुद्दाम दाखवणार नाही. दाखवलं तर "बघा, आता कसं जमलंय" म्हणेल, आणि 'आता'वर जोर देईल.

मग शेवटी ते मत लिहिलं. मराठीत नाही, तिथं कोण वाचणार मराठी. इंग्रजीत, आणि सवयीनं आमच्या तपासणी अहवालाच्या साच्यात. निरीक्षण, दोष, दोषाची जागा, गंभीर की किरकोळ. सोबत्यांचं पडणं: गंभीर. शिव्या: किरकोळ. चेहरे: गंभीर, पण कार्यावर परिणाम नाही. मुठी: मापापेक्षा चांगल्या. हेल्मेट: वेगळा शेरा. खाली निकालाच्या रकान्यात आम्ही लिहितो तेच लिहिलं, 'यूज अ‍ॅज इज'. म्हणजे आहे तसा वापरा, दोष नोंदवले आहेत, दुरुस्तीला पाठवू नका. अंगठा वर केला, कारण अहवाल तेच म्हणत होता. पुन्हा वाचलं नाही, पाठवलं.

आता झोपायच्या आधी बघितलं तर खाली कुणीतरी 'मजेशीर'चं बटण दाबून गेलंय. उपयुक्त नाही, मजेशीर. अख्ख्या अहवालात विनोदी असं एकही वाक्य नाही. गंभीर-किरकोळचा तक्ता नीट दिसावा म्हणून मोकळ्या जागा मोजून सारख्या केल्या होत्या, त्या पाठवल्यावर सरकल्यात, आणि 'गंभीर' हा शब्द संगीताच्या पुढं जाऊन बसलाय. दुरुस्त करायला हवं. संगीतावर मी असला टॅग लावणारच नाही.