कानातली बडबडगीतं

साताऱ्यात मी श्रवणयंत्रं बसवण्याचं काम करते. गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक मुलासोबत आले. त्यांच्या दोन्ही कानांत ब्लूटूथची यंत्रं मीच बसवली होती. मुलगा हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, बाबांना भास होतायत. रोज संध्याकाळी कानात बडबडगीतं वाजतात म्हणे. तेवढा वेळ आमचं बोलणंही त्यांना नीट ऐकू येत नाही. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय."

आजोबा मान खाली घालून बसले होते. मी यंत्रं तपासली, साफ केली, ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या क्षमतेचा आलेख, पुन्हा काढला. सगळं पूर्वीसारखंच. मला काही सुचेना.

सोबत सहा वर्षांचा नातू होता. कंटाळून त्यानं टॅब उघडला. चित्रं हलू लागली, पण आवाज नाही. "आजोबा जवळ असले की असंच होतं," तो कुरकुरला. त्याच वेळी आजोबांचा हात कानाकडे गेला.

माझ्या अंगावर काटा आला. टॅबच्या ब्लूटूथच्या यादीत आजोबांची यंत्रं होती, जोडलेली! मग मुलाला आठवलं: दिवाळीत अमेरिकेतल्या बहिणीशी व्हिडिओ कॉल करायला त्यानंच ती टॅबशी पेअर केली, म्हणजे ब्लूटूथनं जोडली होती.

पेअरिंग एकदाच होतं, पण तेव्हा ठरलेली गुप्त किल्ली दोन्हीकडे साठून राहते. यंत्र चालू झालं की हाक देत राहतं आणि किल्ली असलेलं ओळखीचं उपकरण आसपास असेल तर कुणालाही न विचारता ओ देतं. ब्लूटूथच्या लहरींना मधली एखादी भिंत सहसा अडवत नाही. आजोबांच्या यंत्राला एका वेळी दोन उपकरणं जोडून राहत, त्यामुळे यंत्रांना जोडलेला त्यांचा फोनही नेहमीसारखाच चालायचा आणि कुणाला शंका आली नाही. टॅबवर गाणं लागलं की ते थेट कानात, आणि यंत्राचे बाहेरचे माइक आपोआप मंद. दिवसा टॅब बंद असे. नातू शाळेतून आला की सुरू.

मी टॅबमधली नोंद पुसली, यंत्रांमधली जुनी पेअरिंगही काढली आणि फक्त फोन पुन्हा जोडून दिला. नातवाच्या टॅबमधून मोठ्यानं गाणं सुरू झालं.

आजोबांनी मुलाकडे पाहिलं. "म्हणजे मी खरंच सांगत होतो ना रे?"

मुलानं त्यांचा हात हातात घेतला.