तोल्फ्ताचा देवदूत आणि निकेलहार्पा

स्वीडनमधील ऊप्सालाहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीने मी तिएर्पला उतरलो आणि तेथून तोल्फ्ताच्या जुन्या चर्चमध्ये गेलो, ते एका चित्रासाठी. मध्ययुगाच्या अखेरीस रंगवलेल्या तेथील चित्रांत एक देवदूत निकेलहार्पा हे गजाने वाजवायचे स्वीडिश तंतुवाद्य वाजवताना दिसतो. गोटलंड बेटावरील एका चर्चच्या दारावर १३५० च्या सुमाराचे शिल्प आहे, त्यातील वाद्यही बहुधा हेच असावे; पण या वाद्याची परंपरा अखंड टिकली ती येथे, उपलांड प्रांतात.

बाहेरच्या अंगणात एका वृद्ध वादकाने आपले वाद्य मला जवळून दाखवले. ते पट्ट्याने गळ्यात अडकवून पोटाशी आडवे धरतात, उजव्या हाताने आखूड गज फिरवतात आणि डाव्या हाताच्या बोटांनी खालून लाकडी कळा दाबतात. कळ दाबली की तिच्यावरची छोटी खुंटी तारेला टेकते आणि बोट काढताच कळ स्वतःच्या वजनाने खाली येते. सारंगीवादक जे काम नखाच्या मुळाशी करतो, ते येथे लाकूड करते. आजच्या वाद्यात ३७ कळा आणि १६ तारा असतात; त्यांपैकी १२ तारांना गज कधीच लागत नाही, त्या आपल्या सारंगीच्या तरफांप्रमाणे केवळ अनुनादाने झंकारतात. सारंगी ऐकत वाढलेल्या मला तो आवाज परका वाटलाच नाही.

जुन्या निकेलहार्पावर सगळे स्वर निघत नसत आणि व्हायोलिन व अकॉर्डियनपुढे ती मागे पडत गेली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आउगुस्त बोलिन यांनी बाराही स्वर देणारी रचना केली. पुढे तोबो गावच्या एरिक साल्स्त्रोम (१९१२–१९८६) यांनी ती वाजवली, तिच्यासाठी नव्या धुना रचल्या आणि ती घडवायला इतरांनाही शिकवले. माझ्या मते हे शेवटचे काम सर्वांत मोठे आहे, कारण वाद्य बनवणारे हात वाढल्याशिवाय वाजवणारे वाढत नाहीत. १९७० च्या दशकात लोकसंगीताची लाट आली, तेव्हा असंख्य स्वीडिश लोकांनी स्वतःची निकेलहार्पा स्वतः घडवली. १९९८ मध्ये तोबोला साल्स्त्रोम यांच्या नावाची शिक्षणसंस्था उभी राहिली आणि २०२३ मध्ये युनेस्कोने या वारसा-जतनाची आदर्श उपक्रम म्हणून नोंद घेतली.

निघण्यापूर्वी त्या आजोबांनी एक पोल्स्का, म्हणजे स्वीडिश लोकनृत्याची धून, वाजवली. शेवटच्या स्वरावर त्यांनी गज उचलला, पण तरफा वाजतच राहिल्या आणि त्या पूर्ण शांत होईपर्यंत त्यांनी वाद्य खाली ठेवले नाही.