अर्धा सूत, तीन थाऊ

शनिवारी सकाळी दुकान उघडून लेझरचं भिंग पुसत होतो, तेवढ्यात ते गृहस्थ आत आले. सत्तरीचे असावेत. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला कागद. "फक्त बघून सांगा, एवढं चालेल ना?" म्हणाले.

टेक्सासमधलं आमचं दुकान बंदूक दुरुस्तीचं, परवानाधारक. माझं काम धातूवर अक्षरं आणि आकडे कोरण्याचं. एच-वन-बी व्हिसावर होतो तेव्हा या टेबलाशी बसणं शक्यच नव्हतं. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक ताब्यात ठेवायला इथला केंद्रीय कायदा थोडे अपवाद सोडले तर मनाई करतो. ग्रीन कार्ड हातात पडलं आणि मग या कामाला लागलो. कोरण्याचं वेड मात्र जुनं आहे. कोल्हापुरात शिरोलीच्या एमआयडीसीत आप्पांचं जॉबवर्कचं शेड होतं. शाळेतून आलो की कास्टिंगवर नंबराचे पंच मारायचं काम माझ्याकडे असायचं.

पेटीत एआर रायफलीचा लोअर रिसीव्हर, म्हणजे घोडा बसतो तो खालचा सांगाडा होता, काळा, अॅल्युमिनियमचा. या रायफलीत कायद्याच्या लेखी हा तुकडा म्हणजेच बंदूक. नळी, दस्ता हे सगळे नुसते सुटे भाग. गृहस्थांना त्यावर साडेदहा इंची नळी चढवायची होती. रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा आखूड झाली की ती १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टच्या कक्षेत जाते. घरी अशी रायफल करणाऱ्याला आधी फॉर्म १ भरून एटीएफची, म्हणजे बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याची, मंजुरी घ्यावी लागते. मंजुरीआधी नळी बसवली तर तो गुन्हा. यांनी ते काटेकोर पाळलं होतं. नळी अजून डब्यातच होती.

या कामावरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. तेव्हापासून अनेकांना वाटतं की कर गेला म्हणजे कोरण्याचं बंधनही गेलं. तसं काहीही नाही. फॉर्म आहे, बोटांचे ठसे आहेत, नोंदणी आहे आणि कोरणंही आहे. आखूड नळी बसवणारा माणूस कायद्याने त्या बंदुकीचा 'मेकर' होतो. त्याचं नाव, गाव आणि राज्य धातूत उतरायला हवं. खोली किमान ०.००३ इंच. अनुक्रमांकाचे आकडे १/१६ इंचापेक्षा लहान नकोत. म्हणजे आमच्या शेडच्या भाषेत उंची अर्धा सूत आणि खोली तीन थाऊ. तयार रिसीव्हर घेतला असेल तर कारखान्याचाच क्रमांक फॉर्मवर लिहून चालतो. नवा पाडावा लागत नाही.

यांनी ट्रॉफ्या कोरणाऱ्या एका दुकानातून नाव घालून घेतलं होतं. काळ्यावर पांढरीशुभ्र अक्षरं. दिसायला सुंदर, आणि तिथेच मला शंका आली. काळा रंग असतो अॅनोडायझिंगच्या, म्हणजे अॅल्युमिनियमवर चढवलेल्या पातळ कठीण थरात. लेझरने तेवढा थर उडवला की अक्षर झळकतं, पण खालच्या धातूत ते उतरलेलं असतंच असं नाही.

डेप्थ गेज लावला. काटा चार थाऊवर. गृहस्थांचा चेहरा उजळला. मी गेज थोडा सरकवला, त्याचा पाया अक्षरांच्या बाहेर कोऱ्या सपाटीवर टेकवला आणि सुई पुन्हा त्याच अक्षराच्या तळात सोडली. काटा दोनवर.

हे मला आप्पांनी शिकवलंय. पंच मारला की धातू दबतो तसा कडेने उठतोही. गेजचा पाया त्या उठलेल्या कडेवर बसला तर खोली जास्तच दिसणार. लेझरचंही तेच, वितळलेला धातू काठाला बारीक बांध घालतो. एटीएफचा नियमही अगदी शब्दांत सांगतो की खोली मोजायची ती धातूच्या सपाट पृष्ठभागापासून, उंचवट्यांपासून नाही. तो नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला शिरोलीचं शेड आठवलं होतं.

एवढं होईस्तोवर मी पिशवीतला कागद वाचला नव्हता. तो आधी वाचायला हवा होता. फॉर्मवर अर्जदार म्हणून गृहस्थांचं नाव नव्हतंच, त्यांच्या कौटुंबिक ट्रस्टचं होतं. बायको आणि मुलगा दोघे विश्वस्त, म्हणजे ती रायफल त्यांनाही कायदेशीरपणे हाताळता यावी. मग मेकर कोण? ट्रस्ट. कोरलं होतं काय? गृहस्थांचं स्वतःचं नाव. ट्रस्टचं नाव ३४ अक्षरांचं, बसणार नाही, म्हणून ट्रॉफीवाल्याने 'तुमचंच घालू' म्हटलं आणि यांनी मान डोलावली.

ते खुर्चीत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "मग ही बाजू पूर्ण घासून काढा. सगळं नव्याने कोरा, नंबरसुद्धा. पैसे देतो मी."

त्या बाजूला कारखान्याचा क्रमांक होता. मी नकळत त्यावर तळहात ठेवला. त्यांना सावकाश समजावलं की नंबर पुन्हा तोच, तसाच कोरायचा हेतू असला, तरी मूळ खूण घासणं म्हणजे अनुक्रमांक नष्ट करणं. केंद्रीय कायद्याने त्याला कित्येक वर्षांची कैद होऊ शकते, त्यांना आणि मलाही. तो क्रमांक कारखान्यापासून घाऊक व्यापारी, दुकानदार, पहिला ग्राहक असा माग काढायचा धागा असतो. तो एकदा तुटला की जोडता येत नाही. त्यांचं स्वतःचं जादा नाव तसंच राहिलं तर कायद्याचं काही अडत नाही. हवं ते नाव दुसऱ्या बाजूला नीट घालू.

मग काम सुरू. त्याच जातीच्या अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर आधी चाचणी, दर चार फेऱ्यांनी मोजणी. नावाच्या अक्षरांना १/१६ इंचाची अट नाही, ती फक्त क्रमांकाला. तरीही मी त्याहून लहान जात नाही. ३४ अक्षरं दोन ओळींत, खाली गाव आणि राज्य. खोली पाच थाऊ धरली. उद्या कुणी हा सांगाडा वाळूच्या माऱ्याने साफ करून नवा रंग देईल, तेव्हा काठावर पास झालेलं अक्षर पुसट होतं. पन्नास वर्षांनी ही रायफल कुणाच्या हातात असेल माहीत नाही, पण तिला आखूड कुणी केलं हे त्याला वाचता आलं पाहिजे. माझ्या लेखी या कामाचा अर्थ तेवढाच, आणि तो मला फार मोठा वाटतो.

शेवटची हलकी फेरी बांध काढायला. पुसलं. गृहस्थांनी भिंग डोळ्याला लावून ट्रस्टचं नाव मोठ्याने, एकेक अक्षर फॉर्मशी ताडून वाचलं. दोनदा. गेज मी त्यांच्याच हातात दिला आणि पाया कुठे टेकवायचा ते दाखवलं. पाच.

ते समोर बसून होते, वस्तू त्याच दिवशी परत गेली, म्हणून आमच्या आवक-जावक वहीत नोंद लागली नाही. मी मात्र रीडिंग माझ्या डायरीत लिहून ठेवलं.

रात्री घरी फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ, आप्पांचा चहा चालला होता. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, "आणि रीडिंग कुठनं घेतलंस?"

"सपाटीवरनं, आप्पा."

"मग झालं," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.