टपावर स्की बॉक्स लावून टाहो: पैसे भरायच्या आधी हे वाचा

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातून टाहोच्या डोंगरात स्कीइंगला जाणाऱ्या आणि डिकीत जागा पुरत नाही म्हणून रूफ बॉक्स घ्यायच्या विचारात असलेल्या मंडळींसाठी लिहितोय. बर्फात टायरना चेन कशा लावायच्या, थंडीत काय घालायचं हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. माझं मत आधीच सांगतो, बॉक्स घ्या, कामाची वस्तू आहे, पण दुकानात ते "बसवून देतो" म्हणाले तर त्यावर डोळे झाकून विसंबू नका आणि दुकानातून निघायच्या आधी स्वतः टेप घेऊन मोजा.

आमची गाडी होंडा सीआर-व्ही, ऑल व्हील ड्राइव्ह, टपावर रेल नाहीत. हे रेल नसणं फार महत्त्वाचं, कारण सगळा खर्च त्यावर ठरतो आणि जाहिरातीत फक्त बॉक्सची किंमत असते. टपाच्या दोन्ही कडांना पुढून मागे जाणाऱ्या रेल असतील आणि रेलखालून हात जात असेल तर काम सोपं, रॅकचे (म्हणजे टपावरच्या दोन आडव्या बारचे, ज्यांवर बॉक्स बसतो) पाय रेलला धरून बसतात. रेल टपाला चिकटून असतील तर पाय वेगळे येतात. आमच्यासारखा बोडका टप असेल तर पाय थेट पत्र्यावर बसतात, खाली रबराची गादी आणि बाजूने एक स्टीलचा आकडा जो दाराच्या चौकटीत अडकतो, नट आवळला की आकडा खेचला जाऊन गादी टपावर दाबून बसते. ही गादी आणि आकडा प्रत्येक मॉडेलला वेगळा, त्यालाच फिट किट म्हणतात, आणि त्याचे पैसे वेगळे. पाय वेगळे, बार वेगळे, किट वेगळं, कुलपाचे सिलिंडर तेही वेगळे.

आम्हाला फोनवर साडेसातशे डॉलर सांगितले होते. बिल झालं सोळाशेच्या वर. त्यात १२० डॉलर नुसते फिटिंगचे. मी विचारलं की फोनवर हे का नाही सांगितलं, तर उत्तर आलं की तुम्ही बॉक्सची किंमत विचारली होती. म्हणून फोनवर विचारताना असं विचारा: "माझी गाडी अमुक वर्षाची अमुक मॉडेल, रेल आहेत किंवा नाहीत, आत्ता टपावर काहीही नाही, बॉक्स लावून दुकानातून बाहेर पडेपर्यंत टॅक्ससकट किती?" आणि ते ईमेलवर लिहून घ्या. सुबारू आउटबॅकच्या बऱ्याच मॉडेलना आडवे बार रेलमध्येच घडी घालून दिलेले असतात, त्यांनी हे सगळं वाचून सोडून द्यावं, त्यांना फक्त बॉक्स लागतो.

आता रस्त्याचं. सकाळी ६८० हायवे धरला, बेनिशियाचा पूल, मग हायवे ८० ईस्ट, व्हॅकाव्हिल, डेव्हिस. डेव्हिसपर्यंत काही नाही. डेव्हिस सोडलं की सॅक्रामेंटोच्या आधी योलो कॉजवे लागतो, दोन्ही बाजूंना मोकळं पाणथळ रान आणि त्यावरून लांबच लांब पूल, तिथे वारा आडवा येतो. पुलावर चढलो आणि डोक्यावर टक, टक, टक सुरू झालं. बायको म्हणाली आत स्की हलत असतील. स्की पट्ट्याने बांधलेल्या होत्या, आणि हा आवाज प्लास्टिकचा नव्हता, पत्र्याचा होता. पुलावर थांबता येत नाही, तेवढा पट्टा ताशी ४५ मैलांच्या स्पीडने काढला, मागचे ट्रक हॉर्न मारतायत, मुलं गप्प. ऑबर्नला उतरून गॅस स्टेशनच्या कडेला गाडी लावली.

पुढच्या उजव्या पायाखाली माझं नख सरळ आत जात होतं. म्हणजे रबराची गादी टपाला अर्धी टेकलेली आणि अर्धी हवेत. हाताने बार हलवला तर पाय हलला. किटसोबत आलेला कागद दुकानदाराने ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्ये टाकला होता, तो काढला, त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की विंडशील्डच्या वरच्या कडेपासून पुढचा बार इतक्या अंतरावर आणि तिथून मागचा बार इतक्या अंतरावर. मोजलं तर पुढचा बार चार बोटं मागे. टपाला गोलाई असते, गादीचा आकार त्या गोलाईवरच्या ठरावीक जागेसाठी बनवलेला असतो, जागा चुकली की गादी नीट टेकत नाही आणि मग कितीही आवळा, वाऱ्याने ढिली होणारच. १२० डॉलर घेऊन नजरेच्या अंदाजाने बार लावला होता! वर बॉक्सही त्यामुळे मागे सरकलेला, डिकीचं दार पूर्ण उघडलं की त्याचा कोपरा बॉक्सच्या बुडावर आपटत होता, तिथे चंद्रकोरीएवढी रंगाची सालपट निघालीय.

मग काय, स्की खाली, बॉक्सचे क्लॅम्प ढिले, बॉक्स बाजूला, पाय उघडले, टेपने मोजून पुन्हा लावले. पायाचे नट चारही बाजूंनी थोडे थोडे आळीपाळीने आवळायचे, एकच बाजू करकचून आवळून मग दुसरीकडे गेलात तर बार तिरका बसतो. सोबत आलेल्या पान्याला टॉर्कची, म्हणजे आवळायच्या जोराची, मर्यादा असते, पुरेसं आवळलं की तो कट्‌ आवाज करतो किंवा निसटतो, तो आवाज चारही पायांवर ऐकू आला पाहिजे. सोबत दोन माणसं हवीत कारण बॉक्स जड नसला तरी अडचणीचा असतो. थंडीत बोटं बधिर होऊन आमचा तास-दीड तास तिथे गेला, आणि हेच काम घराच्या ड्राइव्हवेवर निवांतपणे अर्ध्या तासाचं आहे. स्वतः करा. खरंच सांगतो, स्वतः करा. आणि कोणीही केलेलं असो, ३०-४० मैलांवर थांबून एकदा हात लावून बघा आणि पुन्हा आवळा. दुकानाला नंतर फोन केला तर हात वर केले, म्हणे तुम्ही स्वतः उघडलंत, आता आमची जबाबदारी नाही. मोजमापाचे फोटो दाखवूनही फिटिंगचे पैसे परत मिळाले नाहीत. तुम्ही दुकानातच बसवून घेणार असाल तर तो कागद हातात घेऊन शेजारी उभे राहा.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि ही दुकानात अर्धवट सांगतात. बॉक्सवर लिहिलेलं असतं १६५ पौंड. आमच्या गाडीच्या टपाची मर्यादाही १६५ पौंड. ऐकायला जुळतंय, पण गाडीच्या मर्यादेत बार, पाय आणि खुद्द बॉक्स हे सगळं धरायचं असतं. बार-पाय मिळून साधारण १५, बॉक्स ४५ ते ५०, म्हणजे सामानाला उरले शंभर. बाइंडिंगसकट (स्कीवर बूट अडकवतात तो भाग) एक स्कीची जोडी १२ ते १५ पौंड, चौघांच्या धरल्या तर साठीच्या जवळ गेलात. बूट एका जोडीचे ७-८ पौंड तरी. त्यामुळे बॉक्समध्ये स्की, पोल, स्नोबोर्ड, जॅकेटं, झोपायच्या पिशव्या एवढंच. बूट गाडीत. बूट गाडीत ठेवायचं आणखी एक कारण आहे, रात्रभर टपावर राहिलेल्या बुटांचं प्लास्टिक सकाळी इतकं कडक होतं की पाय आत जात नाही, मुलं रडकुंडीला येतात. टेस्ला मॉडेल वाय, सीआर-व्ही, बऱ्याच मिनीव्हॅन सगळ्यांची मर्यादा याच आसपास आहे. तुमच्या गाडीची मॅन्युअलमध्ये बघा, आणि आकडा चालत्या गाडीचा आहे ना ते बघा, कारण टपावर तंबू लावणाऱ्यांसाठी उभ्या गाडीचा वेगळा, मोठा आकडा दिलेला असतो आणि लोक तो धरून चालतात.

बॉक्स निवडताना क्युबिक फूट बघू नका, लांबी बघा. १६ क्युबिक फूट म्हणून आखूड-रुंद बॉक्सही मिळतो आणि लांब-अरुंदही. माझी स्की १७७ सेंटीमीटर. बॉक्सची बाहेरची लांबी ७७ इंच, म्हणजे १९५ सेंटीमीटर, कागदावर भरपूर वाटतं, पण पुढचं नाक निमुळतं असतं आणि स्कीची टोकं वर वळलेली, त्यामुळे १८० च्या पुढची स्की अशा बॉक्समध्ये कोंबावी लागते. घरात १८५ ची स्की असेल तर पुढचा साइझ घ्या. "आठ जोड्या मावतात" वगैरे जे लिहितात ते अरुंद स्की धरून लिहितात, आपल्या भुसभुशीत बर्फासाठीच्या रुंद पावडर स्की आणि त्यांची ब्रेकवाली बाइंडिंग असतील तर चार जोड्या आणि एक स्नोबोर्ड, बास. एकीचं टोक पुढे, दुसरीचं मागे असं उलटसुलट लावलं तर बाइंडिंग एकमेकांवर येत नाहीत. आणि दोन्ही बाजूंनी उघडणाराच घ्या, यावर तडजोड नको. टाहोत पार्किंगला एका बाजूला बर्फाचा ढिगारा असतोच, झाकण त्याच बाजूने उघडणारं असेल तर गुडघाभर बर्फात उभं राहून सामान काढावं लागतं.

ऑबर्नला गेलेल्या वेळाचा फटका वर बसला. कोलफॅक्सच्या पुढे बर्फ सुरू झाला आणि चेन कंट्रोल लागलं, आर-२. म्हणजे चारही चाकांना स्नो ट्रेडचे (बर्फासाठीच्या खाचांचे) टायर असलेल्या फोर व्हील किंवा ऑल व्हील ड्राइव्हला चेन न लावता सोडतात, पण चेन गाडीत असाव्याच लागतात, बाकी सगळ्यांनी लावायच्या. आर-३ लागलं तर कोणालाच सूट नाही. आमच्या पुढच्या कुटुंबाच्या चेन बॉक्समध्ये होत्या, त्याही सगळ्यात खाली. तो बिचारा भररस्त्याकडेला भुरभुर बर्फात चौघांच्या स्की बाहेर काढून बर्फात रोवत होता आणि उघड्या बॉक्समध्ये बर्फ साठत होता. चेन, हातमोजे, हेडलॅम्प, गुडघ्याखाली घ्यायला जुनी चटई, हे पुढच्या सीटच्या पायाशी. चेन लावून देणारी माणसं तिथे असतात, अंगावर नंबरचं जॅकेट असतं, काम सुरू व्हायच्या आधी भाव विचारा आणि नंबर लक्षात ठेवा. निघायच्या आधी कॅलट्रान्सचं (राज्याच्या रस्ते खात्याचं) क्विकमॅप, म्हणजे रस्त्यांची ताजी स्थिती दाखवणारा नकाशा, बघा, आणि कोलफॅक्सला परत बघा, कारण दोन तासांत चित्र पालटतं. वाटेतली डॉनर समिट ही खिंड ७,२३९ फुटांवर आहे, खाली सॅक्रामेंटोत ऊन असलं तरी त्याचा वरच्या हवेशी काही संबंध नाही.

टाहोजवळच्या ट्रकी गावाला पोचलो, स्कीइंग झालं, बर्फ उत्तम होता, मुलं खूश. त्यावर वेगळं लिहायची गरज नाही.

सकाळी मात्र बॉक्सचं कुलूप गोठलेलं. रात्री त्यावर पाणी ठिबकून आत शिरलं असणार. गरम पाणी ओतू नका, ते तिथेच पुन्हा गोठतं आणि आणखी घट्ट बसतं. डीआयसरची (बर्फ वितळवणाऱ्या द्रवाची) छोटी बाटली मिळते, ती खिशात ठेवा, बॉक्समध्ये नाही. जोर लावून किल्ली फिरवू नका, किल्ल्या पातळ पत्र्याच्या असतात. झाकणावरचा बर्फ आधी झाडून काढा, नाहीतर झाकण उघडलं की सगळा आत, आणि न काढता निघालात तर पहिल्या ब्रेकला तो सगळा विंडशील्डवर येतो.

उंची. आमची गाडी साडेसहासष्ट इंच, वर पाय-बार आणि बॉक्स मिळून एकवीस-बावीस. म्हणजे ७ फूट ४ इंचांच्या आसपास, आणि इथल्या घरांच्या गॅरेजचं दार बहुतेक ७ फुटांचं असतं. पार्किंग गॅरेजच्या पाट्या तर ६ फूट ८ इंच वगैरे. तुमची उंची मोजून चिठ्ठी स्टीअरिंगजवळ चिकटवा, कारण दमून घरी आल्यावर रात्री अकराला गॅरेजचा रिमोट दाबायची सवय हाताला असते.

पेट्रोलचं विचाराल तर अमेरिकन ऊर्जा खात्याचे आकडे आहेत, ताशी ६५ ते ७५ मैलांच्या स्पीडला मोठा बॉक्स मायलेज १० ते २५ टक्के खातो, मागे हिचला (ट्रेलर ओढायच्या जोडणीला) लावायचा बॉक्स हायवेला १ ते ५ टक्केच. हिच आधीच असेल तर मागचा बॉक्स जरूर बघा, उंचीचा आणि हात पोचण्याचा प्रश्नच मिटतो, फक्त डिकी उघडायला तो बाजूला झुकतो का ते विचारा. टपावरचाच घेतला तर सीझन संपल्यावर काढून ठेवा, बारसकट. रिकामे बार उन्हाळाभर शिट्टी वाजवत पेट्रोल पितात.

दोघंच असाल आणि सीझनला एक-दोनदाच जात असाल तर बॉक्स नको. स्की धरणारा चिमट्यासारखा रॅक बराच स्वस्त पडतो, त्यात सहा जोड्या राहतात. स्कीची वळलेली टोकं मागे करून लावा. फक्त हायवे ८० वरचा मीठ-चिखलाचा फवारा स्कीवर बसतो, पोचल्यावर लगेच पुसल्या नाहीत तर कडांना दुसऱ्या दिवशी तांबूस गंज दिसतो. बार बुटके असतील तर बाइंडिंग टपाला घासतं, तेवढं दुकानात लावून बघा.

जुना बॉक्स घेत असाल तर बिजागऱ्या आणि झाकणाच्या कडा बघा, उन्हाने प्लास्टिक पांढुरकं पडून तडे गेले असतील तर सोडून द्या. किल्ली नसेल तरी घाबरू नका, थुले कंपनीच्या कुलपावर 'N' या अक्षराने सुरू होणारा नंबर असतो, त्या नंबरची किल्ली मागवता येते. नवीन घेतलात तरी त्या नंबरचा फोटो फोनमध्ये आजच काढून ठेवा.