पैसे तुझे, मग निम्मा वाटा तिला का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. माहेरचे विचारतात, जुन्या ऑफिसातल्या बायका विचारतात. ओव्हन माझ्या पीएफच्या पैशांतून आला, बीटर माझा, क्रॉफर्ड मार्केटातून चॉकलेट आणि क्रीम वाहून आणते तीही मीच. मग केकच्या नफ्यात मैत्रिणीचा निम्मा वाटा कशासाठी?

स्वयंपाकघर तिचं आहे, यासाठी. मी मुलुंडला भाड्याने राहते आणि घरमालकाने ओव्हनचं नाव काढताच नकार दिला. तिच्या लालबागच्या दोन खोल्यांतला ओटा, तिचं मीटर, तिचा फ्रिज, यांवर आमचं सगळं चालतं. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, साधी नोंदणी वर्षाला 100 रुपयांत झाली, पण अर्जावर स्वयंपाकघराचा पत्ता लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता. मैदा-लोणी पैसे टाकले की कुठेही मिळतं. जागेचं तसं नाही. गाळ्याचं डिपॉझिट ऐकून आम्ही दोघी मुकाट्याने घरी आलो होतो.

एवढ्याने कुणाचं समाधान होत नाही, म्हणून जुलैतली ती रात्र सांगते.

पहिल्या वाढदिवसाचा दोन थरांचा केक होता, वरून फॉन्डंट. फॉन्डंट म्हणजे मुख्यतः साखर. पावसाळ्यात ती हवेतली ओल ओढते आणि चिकटते. फ्रिजमध्ये ठेवावा, तर बाहेर काढल्यावर थेंब धरतात आणि रंग ओघळतात. आत क्रीम टिकणार नाही म्हणून आम्ही घट्ट गनाश केलं होतं, दोन भाग डार्क चॉकलेटला एक भाग क्रीम. तरी रात्री दहा वाजता बोट लावलं की वर ठसा उमटत होता. रात्रभर एसीत ठेवणं एवढाच उपाय उरला होता.

त्या घरात एसी एकच, आतल्या खोलीत, तिच्या सासऱ्यांसाठी हप्त्यावर घेतलेला. अण्णा 1982च्या संपापर्यंत गिरणीत सूतकताईच्या खात्यात होते. दमट हवेत त्यांना धाप लागते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. आमचं बोलणं ऐकून ते स्वतःच उठले, उशी काखेत मारली आणि म्हणाले, "पोराचा पहिला वाढदिवस आहे ना? मी झोपतो बाहेर." मैत्रिणीने त्यांच्या टेबलावरचा इनहेलर आणि तांब्या उचलला. केकचा बोर्ड आम्ही दोघींनी धरून तिथे ठेवला. मग मी करी रोडहून शेवटची लोकल पकडून घरी गेले आणि झोपले.

सकाळी केक कोरडा, कडा सुरेख. पैसेही लगेच आले. अण्णा पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसून होते, असं शेजारच्या काकूंनी मला जिन्यात सांगितलं. मैत्रीण त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. माझा वाटा हातात देताना एवढंच म्हणाली, "यापुढे पावसात फॉन्डंट घ्यायचा नाही." मी चिडले. सगळ्यात जास्त पैसे त्याच ऑर्डरींत सुटतात.

"आणि मी घातलेल्या पैशांचं काय गं?"

"आणि माझ्या घराचं?"

माझा प्रश्न मी आजही मागे घेत नाही. पीएफ मोडलेल्या बाईने तो विचारायचा नाही, तर कुणी?

हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर मीच रकाने आखले होते: सामान, मेहनत, नफा. जागेचा रकाना नाही. तेव्हाची मी म्हणायची, मैत्रीत भाडं कसलं? आज मला माझ्या त्या म्हणण्याचा रागही येतो आणि कधीकधी तेच बरोबर होतं असंही वाटतं. कारण मी भाड्याचं बोलले तेव्हा मैत्रीण म्हणाली, "म्हणजे मी आता तुझी घरमालकीण का?"

दिवाळीला नानकटाईचे ट्रे गल्लीतल्या पाववाल्याकडे भाजून आणू, घरावरचा भार कमी होईल, असंही ठरवलं होतं. पण जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलायला सांगितलं, आणि गॅसचा खर्च झेपेना म्हणून त्याने भट्टीच बंद केली. मुंबईच्या हवेसाठी तो निर्णय मला योग्यच वाटतो, अण्णांकडे बघून तर जास्तच. आमचे ट्रे मात्र पुन्हा तिच्या ओट्यावर आले.

सध्या पावसाळ्यात आम्ही फक्त साधे टी-केक करतो. पैसे कमी सुटतात, त्याचे निम्मे तिला जातात. गेल्या महिन्यात मी तिच्या पाकिटात लाइटबिलाचे वेगळे पैसे घातले. तिने माझ्यासमोर नोटा मोजल्या आणि जास्तीचे परत केले. या महिन्यात मी पुन्हा घालणार आहे.