ट्युलिपच्या मुळाशी: गुलछडीवाल्याची हॉलंडवारी

आमच्याकडे गुलछडीचा कंद लावला की तीन-चार महिन्यांत छडी हातात येते. ट्युलिपची नवी जात बाजारात यायला वीसेक वर्षं लागतात, हे म्हणूनच पटत नव्हतं. एप्रिलमध्ये ते बघायला हॉलंडला गेलो.

आधी क्यूकेनहोफ. ३२ हेक्टर बाग, दरवर्षी नव्याने लावलेले सुमारे ७० लाख कंद. शिपोल विमानतळावरून हंगामात ८५८ नंबरची थेट बस असते. तिकीट आधीच ऑनलाइन काढा आणि दार उघडताना आत शिरा. १९५० पासून कंदवाले आपला माल इथे मांडतात, त्यामुळे फोटोंपेक्षा जातींच्या पाट्या टिपत फिरा.

माझे डोळे उघडले ते लिस गावाजवळच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर. बी पेरल्यावर पहिलं फूल दिसायला पाच-सहा वर्षं जातात. हजारो रोपांतून एखादं निवडायचं, आणि तेव्हा हातात असतो एकच कंद! त्याला वर्षाकाठी दोन-तीन पिल्लं येतात. दरसाल दुप्पट धरलं तरी दहा वर्षांनी हजाराच्या आसपासच कंद होतात, आणि लाखाच्या पुढे जायला सतरा वर्षं. एवढं थांबायचं म्हणूनच युरोपीय संघाने २०२१ मध्ये कंदफुलांची नवी जात काढणाऱ्याचा तिच्यावरचा हक्क २५ वरून ३० वर्षं केला.

शेतात उमललेली फुलं खुडून सरीतच टाकतात, कारण पीक फुलाचं नसून कंदाचं आहे. जाणती माणसं रांगेरांगेने फिरून विषाणूचं झाड दिसलं की कंदासकट उपटतात. हे काम मी तासभर बघत उभा होतो. आपल्याकडे बेणं निवडताना इतकी नजर ठेवली तर! (फोटोसाठी सरीत उतरू नका, बुटांच्या मातीतून रोग जातो.)

वेळ असेल तर लिमेन गावची हॉर्टस बुल्बोरम ही कंदफुलांची बाग चुकवू नका. चार हजारांवर जुन्या जाती तिथे जपल्यात, एक ट्युलिप तर १५९५ ची. फक्त वसंतात उघडी असते.

आल्समीरच्या फुलांच्या लिलावाला सोमवारी सकाळी सातला पोचा. शनिवार-रविवार बंद, गुरुवारी लवकर आटोपतं. मी गुरुवारी साडेनऊला गेलो आणि रिकाम्या ट्रॉल्या बघून परतलो. तिथे बोली वरून खाली येते, पहिला थांबवेल त्याचा माल.

कंद आणायचा मोह होईल. आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसेल तर आणू नका. शिवाय त्यांना तीन-चार महिने कडक थंडी लागते, ती आपल्या रानात नाही. मी आणली ती फूल खुडायची रीत. यंदा गुलछडीच्या दोन सरींवर छड्या कोवळ्या असतानाच काढतोय, कंद किती पोसतात ते बघायला.